वेशीबाहेरचा वेग

कोणत्या वयात माणसाने काय शिकावे, याचा विचार आपल्या पूर्वजांनी मोठ्या बारकाईने करून ठेविला आहे. आठव्या वर्षी मुंज, मग विद्याभ्यास, मग गृहस्थाश्रम, अशी सारी वाट आखून दिलेली. तीत स्कूटरचा उल्लेख कोठे आढळत नाही. त्यामुळे वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी आम्ही स्कूटर शिकावयास घेतली तेव्हा घरची मंडळी हसली खरी. परंतु शास्त्राचा आधार काढून आम्हांस विरोध करणे कोणास साधले नाही. धंद्याने वकील असल्यामुळे एवढ्याशा तांत्रिक मुद्द्यावरही आम्हांस समाधान मानता येते.

एवढा उशीर का झाला, ते आधी सांगितले पाहिजे. आमचे घर बडोद्यास पाणीगेटाच्या आतल्या अंगास एका गल्लीत आहे. जुन्या बडोद्याला चार दिशांना चार दरवाजे आणि मधोमध मांडवी. पश्चिमेस लहेरीपुरा, उत्तरेस चांपानेर, दक्षिणेस गेंडीगेट आणि पूर्वेस आमचे पाणीगेट. सकाळी घरून निघावे, मांडवीवरून सरळ लहेरीपुऱ्याच्या दरवाज्याबाहेर पडावे, की थोड्याच अंतरावर सुरसागराच्या काठी न्यायमंदिर. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १८९६ साली उघडलेल्या त्या इमारतीत आमची वकिली सुरू झाली आणि पायी जाण्यायेण्यात बारा-तेरा वर्षे सहज सरली. २०१८ साली न्यायालये दिवाळीपुऱ्याच्या नव्या इमारतीत गेली, तेव्हा रिक्षा आमच्या साहाय्यास धावली. स्वतःचे वाहन असावे, अशी निकड कधी भासलीच नाही.

दुसरे कारण याहून जुने. चेतक स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, त्या काळात आमच्या वडिलांनी ती मिळविली होती. आम्ही शाळेत असताना एका पावसाळ्यात ते शहराबाहेरच्या हमरस्त्याने येत होते. त्या रस्त्यास तेव्हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ८ म्हणत. आज त्याचा क्रमांक ४८ आहे. मागून आलेल्या ट्रकला वाट देताना ते कडेच्या वाळूत घसरले आणि पाय दोन ठिकाणी मोडला. सहा महिने अंथरुणात गेले. त्यांना घरी आणले त्या रात्री आईने आमच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घातली की, या मुलाने जन्मात दुचाकी हाती धरावयाची नाही. वडील पुढे बरे झाले, पुष्कळ वर्षे जगले आणि म्हातारपणाने गेले. चेतक विकली गेली. शपथ तेवढी घरात राहिली.

या शपथेस पुढे आमच्या धंद्यानेच बळकटी आणली. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली अपघाताच्या नुकसानभरपाईचे जे अर्ज होतात, ते चालविण्यात आमचा बराच काळ जातो. पंचनामा, वैद्यकीय दाखले, कोठे पडलेली चप्पल, कोठे फुटलेला आरसा, असे कागद वाचता वाचता आमची रात्र होते. माणूस गेला म्हणजे त्याच्या वार्षिक उत्पन्नातून त्याचा स्वतःचा खर्च वजा करावयाचा आणि उरलेल्या रकमेस वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणावयाचे, ही रीत. गुणकांचा तक्ता सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सरला वर्मा यांच्या खटल्यात निश्चित केला. पंचविशीच्या आतल्या माणसाचा गुणक १८. एकेचाळीस ते पंचेचाळीस वर्षांच्या माणसाचा १४. पुढे २०१७ च्या प्रणय सेठी निकालाने भावी उत्पन्नवाढीचेही प्रमाण बांधून दिले. आमच्यासारख्या स्वतंत्र धंदा करणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या गृहस्थास २५ टक्के.

एके रात्री काय बुद्धी झाली कोण जाणे, आम्ही आमचाच हिशेब कागदावर मांडला. आई, पत्नी आणि कन्या असे तीन अवलंबित; म्हणजे एक तृतीयांश वजा. गुणक १४. आलेला आकडा आम्ही दोनदा तपासला आणि कागद फाडून टाकला. आकडा मात्र डोक्यातून गेला नाही. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली आणि त्यांतील शंभरांपैकी चव्वेचाळिसांहून अधिक दुचाकीवरची होती, हे सरकारी अहवालात छापलेले आहे. अशा आकड्यांच्या सहवासात राहणाऱ्या माणसाने स्कूटरकडे लांबूनच पाहावे, हे सयुक्तिकच म्हणावयाचे.

परंतु प्रपंच सयुक्तिकपणे चालत नाही. गेल्या वर्षी ज्येष्ठात हालोल येथे असणाऱ्या आमच्या मेहुण्यांस अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. त्यांचा एकुलता मुलगा परदेशी. ताई एकटी. पाणीगेटापासून हालोल सुमारे चाळीस किलोमीटर. एस. टी. आहे, पण तिचा डेपो आमच्या घरापासून शहराच्या दुसऱ्या टोकास, आणि जाऊन येण्यात कामाचा दिवस बुडावयाचा. प्रत्येक वेळी टॅक्सी करणे परवडणारे नव्हते. मोटार घ्यावी, तर आमच्या गल्लीत गाय आडवी उभी राहिली तरी रस्ता बंद होतो. ताई फोनवर कधीही 'ये' म्हणाली नाही. ती एवढेच म्हणे, "तुझी कामे असतील, त्यात कशाला?" बहिणीच्या असल्या वाक्याचा अर्थ कोणत्या भावास कळत नाही?

आषाढी एकादशीस आई मांडवीच्या विठ्ठल मंदिरातून आली ती सरळ आमच्या बैठकीत. अशिलांच्या देखत तिने सांगितले, की देवापुढे शपथ सोडवून घेतली आहे, तू स्कूटर शीक. मात्र दिवाळीपर्यंत गावातच चालवावयाची, हमरस्त्यावर जावयाचे नाही. हे सारे ती कोकणीत बोलली. आमच्या घरात आई कोकणी बोलते, आम्ही मराठीत उत्तर देतो आणि भांडण झालेच तर ते गुजरातीत मिटते. त्या दिवशी मात्र उत्तर द्यावयास आम्हांस कोणतीच भाषा सुचली नाही.

आमची कन्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकते आणि वर्षभर स्कूटर चालविते. शपथ मुलापुरती होती, नातीवर तिचा अंमल चालत नव्हता. तीच आमची गुरू झाली. पांढऱ्या पाटीवर तांबडे 'एल' अक्षर लावून आम्ही नवलखी मैदानावर पहाटे फेऱ्या घालू लागलो. हातातल्या हातात वेग वाढतो, या गोष्टीची प्रथम फार धास्ती वाटे. मनगट जरा फिरले की वाहन पुढे झेपावे आणि आम्ही मागे राहावे. कन्या म्हणे, "बाबा, मूठ आवळू नका. कबूतर धरल्यासारखी धरा." परवान्याच्या परीक्षेत पहिल्या खेपेस आमचा पाय जमिनीस लागला आणि आम्ही नापास झालो. कायद्याच्या परीक्षेत न आलेला हा अनुभव चव्वेचाळिसाव्या वर्षी आला. दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झालो, तेव्हा पत्नीने पेढे आणले.

श्रावण-भाद्रपद गावात गेले. पाणीगेटच्या भाजीबाजारातून, मांडवीच्या गर्दीतून आम्ही हळूहळू निर्भयपणे जाऊ लागलो. येथे वेग पंधरा-वीस किलोमीटरांचा. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत पाहावे, त्याने मान हलवावी आणि दोघांनी आपापली कोपरे आवरून निघून जावे. भाजीवाली आम्हांस ओळखते, रिक्षावाल्याचा भाऊ आमचा अशील. दरवाज्याच्या आत वाहने ओळखीवर चालतात. कोणी चुकलाच, तर भरपाई दोन शिव्यांत होऊन जाते. या यशाने आमच्या मनात गर्व उत्पन्न झाला, हे नाकारून उपयोग नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही आईच्या अटीचा वकिली अर्थ लावला. हमरस्त्यावर 'जावयाचे' नाही, म्हणजे प्रवास करावयाचा नाही. नुसते पाहून येण्यास हरकत नसावी! आयुर्वेद महाविद्यालय मागे टाकून, आजवा रस्त्याने आम्ही आजवा चोकडीस पोहोचलो आणि महामार्गावर वळलो. पहिली दोन मिनिटे बरी गेली. मग उजवीकडून एक लांबलचक ट्रक आला. आधी त्याचा आवाज आला, मग त्याने ढकललेला वारा. स्कूटर हलली. आमची दृष्टी त्या ट्रकच्या चाकांवर खिळली आणि, सांगावयास संकोच वाटतो, स्कूटर आपोआप त्या चाकांच्याच दिशेने सरकू लागली. आम्ही दोन्ही ब्रेक एकदम दाबले. मागून भोंग्याचा मोठा आक्रोश झाला. कसेबसे कडेला उतरलो तो पायाखाली वाळू. वडील अशाच वाळूत घसरले होते. आम्ही तेथे दगडावर बसून राहिलो. हात थरथरत होते आणि ओठांवर कसले स्तोत्र नव्हते. १४ हा आकडा होता. नंतर बाजूच्या रस्त्याने, सायकलीच्या वेगाने, घरी आलो. आईस काही सांगितले नाही.

दोन दिवस स्कूटर तशीच उभी होती. तिसऱ्या दिवशी कन्येने विचारले, "बाबा, ट्रककडे पाहत होता ना?" आम्ही थक्क झालो. ती म्हणाली, "जिकडे बघाल तिकडेच गाडी जाते. खड्ड्याकडे बघितले की खड्ड्यात. मोकळ्या रस्त्याकडे बघायचे." पाणीगेटच्या नाक्यावर गॅरेज चालविणारे एक वृद्ध चाचा आहेत. त्यांच्याकडे चाकातील हवा तपासावयास गेलो असता त्यांनी न विचारताच निदान केले: "साहेब, ब्रेक हाथमां नथी, आंखमां छे." ब्रेक हातात नाही, डोळ्यांत आहे. दूरवर पाहणाऱ्यास ब्रेक जोराने दाबण्याची वेळच येत नाही, असा त्याचा अर्थ.

या दोघांच्या बोलण्याने आम्हांस आमच्याच फाइलींचा उलगडा झाला. इतकी वर्षे आम्ही जे कागद वाचले, ते सारे न पोहोचलेल्यांचे होते. सायंकाळी दप्तर अडकवून, भाजीची पिशवी पुढे ठेवून, जे लक्षावधी लोक सुखरूप घरी पोहोचतात, त्यांची फाइल होत नाही. त्यांचा पंचनामा कोणी लिहीत नाही. ते नेमके काय करतात म्हणून पोहोचतात, हे आम्ही कधी पाहिलेच नव्हते. आमची दृष्टी वीस वर्षे चाकावर खिळलेली होती, रस्त्यावर नव्हे. म्हणून आम्ही आजवा रस्त्याच्या कडेला उभे राहून दोन रविवार नुसते पाहिले. आणि त्याच जुन्या फाइली पुन्हा काढून, कोठे काय केले असते तर हा माणूस घरी आला असता, अशा बुद्धीने वाचल्या.

त्यातून जे हाती आले ते साधेच आहे. वेशीच्या आत ओळख चालते. वेशीबाहेर कोणी कोणास ओळखत नाही. साठ-सत्तरच्या वेगाने जाणाऱ्यास तुमच्या डोळ्यांत पाहण्यास सवड नसते. तेथे ओळखीची जागा नियमाने घ्यावी लागते. आपण पुढे काय करणार, हे मागच्या अनोळखी माणसास आधी कळले पाहिजे. कायद्यात जिला नोटीस म्हणतात तीच ही. दिशादर्शक दिवा ही नोटीस. आरशात पाहून, खांद्यावरून एकवार मागे नजर टाकून मग वळणे, ही त्या नोटिशीची बजावणी. नोटीस देऊन लगेच त्याच क्षणी वळणारा मनुष्य नोटिशीची मुदत पाळीत नाही, आणि असल्यांच्या कित्येक फाइली आमच्याकडे होत्या. कडेला अगदी चिकटून चालणे सुरक्षित, हाही आमचा भ्रम निघाला. कडेला वाळू असते, उभी वाहने असतात, उलट्या दिशेने येणारे असतात, आणि मागच्यास वाटते की यास वाट नकोच आहे. डाव्या पट्ट्यात, पण आपल्यापुरती जागा राखून, एका सरळ रेषेत जावे, हे बरे.

मग आम्ही गणित मांडले. या वेळी जगणाऱ्याचे. ताशी ३० किलोमीटर वेगाने स्कूटर एका सेकंदात सव्वाआठ मीटरांवर जाते, ६० ने साडेसोळांहून अधिक. मनास धोका कळून हात हलेपर्यंत एक सेकंद सहज जातो. त्यानंतर थांबण्यास लागणारे अंतर, वेग दुप्पट झाला की चौपट होते. हे शाळेत शिकलो होतो. परंतु ज्ञान पायांत उतरावे लागते. पहाटे रिकाम्या रस्त्यावर कन्येस मागे पाहण्यास उभी करून आम्ही तीस, चाळीस, पन्नास अशा वेगांतून थांबण्याचा सराव केला आणि प्रत्येक वेळी उतरून पावले मोजली. पन्नासची पावले मोजताना आमचा श्वास लागला. त्या दिवसापासून पुढच्या वाहनाच्या मागे किती अंतर ठेवावे, हे आम्हांस कोणी सांगावे लागले नाही. २०१९ पासून लहान इंजिनाच्या नव्या दुचाकींना दोन्ही चाकांचे ब्रेक जोडलेले असावेत, असा नियम आहे. तथापि डोळे आणि बुद्धी यांची जोडणी कारखान्यात होत नाही.

अंतर मोजण्याची युक्ती मात्र आईची. हे सारे चालले असता तिला न सांगणे आम्हांस जड जात होते. म्हणून एके रात्री आजवा चोकडीची हकीकत कबूल केली. ती रागावली नाही. पुष्कळ वेळ गप्प राहून तिने विचारले, पुढच्या गाडीमागे किती राहायचे असते? आम्ही म्हटले, तीन सेकंद. पुढचे वाहन एखाद्या खांबापाशी गेले की मोजू लागायचे. ती म्हणाली, आकडे कशाला मोजतोस, सावकाश तीन वेळा विठ्ठल म्हण. आम्ही घड्याळ लावून पाहिले. बरोबर तीन सेकंद भरले.

त्यानंतर आम्ही महामार्गास तुकड्यांनी भेटू लागलो. आधी केवळ बाजूचा रस्ता. मग पहाटे एका चोकडीपासून पुढच्या चोकडीपर्यंत आणि लगेच बाहेर. मग दोन. ट्रक येताना आरशात दिसला की कोपरे सैल सोडावयाची, गुडघे आवळून घ्यावयाचे, दृष्टी दूर ठेवावयाची. वारा येई, स्कूटर किंचित डुले आणि आपली आपण सरळ होई. तिला आमच्या मदतीची गरज नव्हती, आमच्या अडथळ्याची तर नव्हतीच. ट्रकच्या बगलेस रेंगाळावयाचे नाही. तेथे आपण त्याच्या आरशात नसतो. ओला रस्ता, अंधार आणि घाई, या तिन्हींपैकी दोन एकत्र आली तर निघावयाचे नाही. अहमदाबादच्या द्रुतगती मार्गावर दुचाकींस मुळीच प्रवेश नाही. आपण कोठे जावयाचे नाही हे ठाऊक असणे, हाही आत्मविश्वासाचाच भाग होय. भीती गेली नाही. पूर्वी ती स्कूटर चालवीत असे. आता ती मागच्या आसनावर बसून सूचना करी, आणि तिच्या बहुतेक सूचना योग्य असत.

भाऊबीज उजाडली. आईची दिवाळीची मुदत पुरी झाली होती. शिरस्त्राणाचा पट्टा तिने स्वतः ओढून पाहिला आणि म्हणाली, "सवकास वच, पुता." सकाळी सातला पाणीगेटाबाहेर पडलो. आजवा चोकडी आली, तो दगड दिसला. आम्ही त्याच्याकडे पाहिले नाही, पुढच्या रस्त्याकडे पाहिले. गोल्डन चोकडीवरून हालोलचा रस्ता धरला. पन्नास-पंचावन्नचा वेग, डावा पट्टा, मनात तीन वेळा विठ्ठल. कोटंबी गेले. जरोदला चहा घेतला. हात थरथरत नव्हते, याची आम्ही पेला धरून खात्री केली. पुढे पावागडचा डोंगर समोर उभा राहिला आणि दर वळणागणिक मोठा होत गेला. जुन्या बडोद्यातून ज्या चांपानेरच्या नावाने दरवाजा बांधला, तेथवर जाण्यास पूर्वी लोक किती तयारीने निघत असतील, असा विचार मनात आला.

ताई दारात उभी होती. आम्हांस स्कूटरवरून उतरताना पाहून तिने तोंडाला पदर लावला. हसते आहे की रडते आहे, ते कळू दिले नाही. ओवाळणी झाली. उरलेले कुंकू तिने बाहेर जाऊन स्कूटरच्या पुढच्या बाजूस लावले. मेहुणे खाटेवर बसून होते. त्यांना बोलता येत नव्हते. आमच्या हातातील शिरस्त्राणाकडे त्यांनी पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि डावी मूठ उचलून मनगट दोनदा फिरविले, जसे स्कूटरचा वेग वाढविताना फिरवितात. मग ते हसले. ताई म्हणाली, ज्येष्ठानंतर हे पहिल्यांदा हसले. त्या दिवशीची ओवाळणी कोणी कोणास घातली, हा मुद्दा आम्ही अद्याप निकालात काढलेला नाही.

आता आम्ही आठवड्यातून दोनदा जातो. मेहुणे काठी घेऊन अंगणापर्यंत येतात. रस्त्यावर आमच्या मागून तरुण मुले भन्नाट वेगाने येतात आणि आमच्याकडे कीव केल्यागत पाहून पुढे जातात. त्यांचा गुणक १८ आहे, हे त्यांस ओरडून सांगावेसे वाटते. परंतु ऐकू येण्याइतका वेळ ते थांबत नाहीत.

भाऊबीजेच्या त्या दिवशी अंधार पडण्याआधी परतलो. पाणीगेटाच्या आत शिरताच वेग आपोआप वीसवर आला. भाजीवालीने मान हलविली, आम्ही हलविली. आई ओट्यावर बसून होती. केव्हापासून, ते आम्ही विचारले नाही. कोकणीत अशा वेळचा प्रश्न आणि त्याचे उत्तर एकाच शब्दाचे असते.

"आयलो?" तिने विचारले.

"आयलो," आम्ही म्हटले, आणि स्कूटर ओट्याला लावली.